जुना संगणक निकामी कोणी ठरवायचा?

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमचा सर्वसाधारण पाठिंबा संपुष्टात आणला. २०१५ साली बाजारात आलेली ही प्रणाली जगभरातील असंख्य संगणकांवर दहा वर्षे चालली. टाळेबंदीच्या काळात मुलांचे शिक्षण खंडित होऊ नये म्हणून आपल्या समाजातील पालकांनी कर्ज काढून, दागिना मोडून जे लॅपटॉप घेतले, त्यांतील पुष्कळांवर हीच प्रणाली होती. त्या तारखेला यांतील एकही लॅपटॉप बंद पडला नाही. पडदा पूर्वीसारखाच उजळत राहिला, अक्षरे पूर्वीसारखीच उमटत राहिली. तरीही 'हा आता जुना झाला, नवा घ्या' हा निरोप घरोघरी आणि शाळाशाळांतून पोहोचला. चालणारे यंत्र निकामी कोणत्या आधारावर ठरते आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. माझ्या मते तो शिक्षणाचा आणि स्वाभिमानाचाही प्रश्न आहे. म्हणूनच या स्मरणिकेच्या वाचकांपुढे तो ठेवण्याचे धाडस करीत आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा कारभारी. कळफलकावर दाबलेले अक्षर पडद्यावर उमटवणे, फाइल ठरल्या जागी ठेवणे, प्रिंटरला आज्ञा देणे, एकाच वेळी चाललेल्या अनेक कामांना रॅमचा वाटा वाटून देणे, हा सारा कारभार ती पाहते. यंत्र वेगळे आणि कारभारी वेगळा. कारभारी बदलता येतो, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. विकत घेतानाच यंत्रावर विंडोज असते, त्यामुळे विंडोज म्हणजेच संगणक असा समज रूढ झाला आहे. प्रणालीचा पाठिंबा संपतो म्हणजे तिच्यात सुरक्षेची नवी भगदाडे सापडल्यावर ती बुजवून देण्याचे काम कंपनी थांबवते. ज्या संगणकावरून शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात, आधार क्रमांक आणि बँकेचे तपशील हाताळले जातात, त्याच्या बाबतीत ही भगदाडे दुर्लक्षिण्याजोगी नाहीत. म्हणून 'चालतोय ना, मग चालू द्या' हा सल्लाही मी देणार नाही.

मग विंडोज ११ का घेऊ नये? पुष्कळ जुन्या यंत्रांना ते घेताच येत नाही. चार जीबी रॅम आणि चौसष्ट जीबी साठवण या तिच्या अटी जुनी यंत्रेही पूर्ण करतात. अडते ते टीपीएम २.० या सुरक्षा-घटकापाशी आणि प्रोसेसरच्या मान्य यादीपाशी. इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ मधील वा त्यानंतरचा असावा लागतो. या अटींमागे सुरक्षेचा हेतू आहे आणि तो खोटा नाही. पण त्यांचा एकत्रित परिणाम असा झाला की २०१४ किंवा २०१६ सालचा, अंगाने धडधाकट असलेला लॅपटॉप एका यादीत नाव नाही म्हणून म्हातारा ठरला.

यंत्राला दोन वये असतात. एक शरीराचे. बॅटरी फुगते, बिजागरी सैल होते, फिरती हार्ड डिस्क कुरकुरू लागते. हे वय खरे आहे आणि त्यावर उपाय मर्यादित आहेत. दुसरे वय जाहीर केलेले असते. बाहेरून कोणीतरी सांगतो की आता तुझी मुदत संपली. हे दुसरे वय निमूटपणे मान्य करण्याची किंमत मोठी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सहा कोटी वीस लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातील केवळ २२.३ टक्के कचऱ्याचेच रीतसर संकलन व पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. उरलेला कचरा कोठे जातो आणि तो हाताने कोण फोडतो, तांब्यासाठी तारा कोण जाळतो, हे शहरांच्या कडेच्या वस्त्यांत राहिलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

येथे एक आक्षेप येतो. तो मी आपल्याच माणसांकडून ऐकला आहे आणि तो हलका नाही. 'आमच्या मुलांना जुने का? दुसऱ्यांची मुले नवे वापरतात, मग आमच्यासाठी टाकून दिलेले कशासाठी?' इतिहासाचा विद्यार्थी म्हणून या आक्षेपाचे मूळ मला दिसते. उरलेले अन्न आणि जीर्ण वस्त्रे कोणाला द्यावीत, याचा नियम मनुस्मृतीने घालून दिला होता. गावगाड्यात तो नियम शतकानुशतके पाळला गेला. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस आणि शिळे तुकडे सोडण्याचे आवाहन केले, ते याच नियमाविरुद्ध होते. ज्या समाजाने इतक्या कष्टाने दुसऱ्याचे उतरलेले नाकारले, त्याच्या लेकरांपुढे कोणाच्या कार्यालयातून निकाली निघालेला लॅपटॉप ठेवताना शिक्षकाचा हात क्षणभर थबकलाच पाहिजे.

या आक्षेपाला माझे उत्तर असे आहे. अपमान वस्तूच्या जुनेपणात नसतो. घेणाऱ्याला निवड नसणे आणि देणाऱ्याने त्याची पायरी ठरवणे, यात तो असतो. बंद पडत चाललेला, कोणीतरी बेकायदा प्रणाली टाकून दिलेला, कसा चालतो हे न कळता वापरायचा लॅपटॉप हे खरोखरच उतरलेले वस्त्र आहे. परंतु जो लॅपटॉप मुलीने स्वतः उघडून तपासला, ज्याच्यासाठी तिने चार प्रणालींतून एक विचारपूर्वक निवडली आणि स्वतःच्या हाताने बसवली, तो तिचा आहे. दुकानातून आणलेला आणि पासवर्ड दुसऱ्याच्या हाती असलेला कोरा संगणकही तितका तिचा नसतो. त्याचबरोबर एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. जुने यंत्र जिवंत करणे हा नव्या यंत्रांच्या मागणीला पर्याय नाही. शासनाकडून, संस्थेकडून सुसज्ज संगणक कक्ष मिळणे हा आपल्या मुलांचा हक्क आहे आणि 'तुमचे भागते आहे ना' असे म्हणून तो कोणाला नाकारता येणार नाही.

आता पर्यायांकडे वळू. पहिला पर्याय विंडोज १० वरच राहून मुदतवाढ घेण्याचा. घरगुती वापरकर्त्याला नोंदणी करून ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या सुधारणा मिळवता येतात. एखाद्या परीक्षेचे वर्ष निभावून नेण्यासाठी हे ठीक; पण ही सवड आहे, उत्तर नव्हे.

दुसरा पर्याय आपल्याकडे सर्वांत लोकप्रिय आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात यंत्र नेले की तो 'फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो' म्हणतो आणि तासाभरात काम होते. बहुधा ही प्रत विनापरवाना असते. परवान्याचे कुलूप फोडणाऱ्या त्या छोट्या प्रोग्रॅममधून आणखी काय आत शिरले, हे दुकानदारालाही माहीत नसते. धोका आहेच. पण आपल्या शाळेसाठी दुसरेही कारण आहे. रोज सकाळी आपली मुले पंचशील घेतात. त्यातले दुसरे शील न दिलेले न घेण्याचे आहे. प्रार्थनेच्या सभागृहात हे शील आणि संगणक कक्षात चोरीची प्रत, ही विसंगती मुले बोलून दाखवत नाहीत, पण त्यांच्या ध्यानात येतेच.

तिसरा पर्याय गूगलच्या क्रोम ओएस फ्लेक्सचा. ती जुन्या यंत्रांसाठीच काढलेली, विनामूल्य आणि हलकी प्रणाली आहे. मात्र तिचा सारा भर इंटरनेटवर आहे. ज्या वसतिगृहात पावसाळ्यात नेट दोन-दोन दिवस जाते, तेथे ती अपुरी पडते.

चौथा पर्याय लिनक्सचा. त्याचा इतिहास मुलांना मी वर्गात सांगतो. १९८३ मध्ये अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. प्रोग्रॅम हवा तसा चालवण्याचे, तो कसा चालतो हे वाचून अभ्यासण्याचे, इतरांना देण्याचे आणि सुधारून पुन्हा वाटण्याचे स्वातंत्र्य वापरणाऱ्याला असावे, ही त्यामागील भूमिका. १९९१ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या यंत्रासाठी प्रणालीचा गाभा लिहिला आणि तो सर्वांना खुला केला. या दोन प्रवाहांच्या संगमातून जी प्रणाली वाढली, तिच्या गाभ्यावर आज अँड्रॉइडचे फोन चालतात आणि २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणकही तिच्यावरच चालतो. म्हणजे 'गरिबांची प्रणाली' हा शिक्का निराधार आहे. आपल्या देशातही याची उदाहरणे आहेत. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या शासकीय संस्थेने 'बॉस' ही भारतीय भाषांसह चालणारी लिनक्स प्रणाली तयार केली. केरळात २००१ मध्ये सुरू झालेल्या शालेय संगणक प्रकल्पाने पुढे मुक्त सॉफ्टवेअरचा मार्ग धरला आणि तेथील 'काईट' ही शासकीय संस्था शाळांसाठी स्वतःची प्रणाली तयार करून देते. एखादे राज्य ठरवते तेव्हा काय होऊ शकते, याचा तो दाखला आहे.

लिनक्स एकच नाही. तिची अनेक वितरणे आहेत आणि नवख्या माणसाचा गोंधळ येथेच उडतो. निवड करताना यंत्राला तीन प्रश्न विचारावेत. पहिला, प्रोसेसर चौसष्ट-बिटचा आहे का? अगदी जुना बत्तीस-बिटचा असेल तर प्रमुख वितरणांनी त्याची साथ जवळजवळ सोडली आहे आणि अँटीएक्ससारखे मोजकेच हलके पर्याय उरतात. दुसरा, रॅम किती? दोन ते चार जीबी असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा लुबंटू घ्यावे. आठ जीबी असेल तर मिंटची सिनॅमन ही मुख्य आवृत्ती किंवा उबंटूही सुखाने चालते. तिसरा, आत फिरती हार्ड डिस्क आहे की एसएसडी? जुन्या लॅपटॉपची चाल मंदावण्याचे सर्वांत मोठे कारण ही फिरती तबकडीच असते. नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या लहानशा अंशात एसएसडी बसवली, तर प्रणाली कोणतीही असो, यंत्राची चाल ओळखू येणार नाही इतकी सुधारते.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेत राहिलेल्या काही विद्यार्थिनींनी चार जीबी रॅमच्या एका लॅपटॉपवर मिंट एक्सएफसीई बसवली. मी शेजारी खुर्ची टाकून बसलो होतो. हात मी लावला नाही. कामाचा क्रम असा होता. आधी यंत्रातील सर्व फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडते याची खात्री केली. मग मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून सुमारे तीन जीबीची फाइल उतरवली आणि ती अर्धवट वा बिघडलेली नाही हे तिच्या पडताळणी-संख्येवरून तपासले. आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर एचर या प्रोग्रॅमने ती लिहिली. लॅपटॉप सुरू करताच एफ१२ ही कळ दाबून पेन ड्राइव्ह निवडला. काही यंत्रांत ही कळ एफ९, एफ२ किंवा एस्केप असते. या टप्प्यावर जे घडते ते शिक्षकाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. पेन ड्राइव्हवरूनच संपूर्ण प्रणाली चालू होते, आतल्या डिस्कला धक्काही न लावता. आवाज येतो का, कॅमेरा चालतो का, वाय-फाय सापडते का, हे सारे बसवण्यापूर्वी पाहता येते. पसंत नसेल तर पेन ड्राइव्ह काढून यंत्र पुन्हा सुरू करावे; जुने सर्व जागच्या जागी असते.

त्या लॅपटॉपचे वाय-फाय सापडले नाही. जुन्या यंत्रांत हे होते, कारण काही वाय-फाय चिपांचे ड्रायव्हर निराळे घ्यावे लागतात. मुलींनी मोबाइल यूएसबी तारेने जोडून त्याचे नेट वापरले आणि 'ड्रायव्हर मॅनेजर'मधून हवा तो ड्रायव्हर घेतला. मग आणखी एक विचित्र अडचण आली. संकेतस्थळे उघडेनात, प्रत्येक ठिकाणी असुरक्षिततेची सूचना. नववीतील एका मुलीच्या लक्षात आले की यंत्राची तारीख कित्येक वर्षे मागे आहे. आतील बटणाएवढी बॅटरी संपली होती. ती बदलली आणि प्रश्न मिटला. इतिहासाच्या तासाला कालगणनेचे महत्त्व मी इतक्या प्रभावीपणे कधी पटवून देऊ शकलो नसतो.

मराठीचा प्रश्न स्वाभाविकपणे येतो. मिंटमध्ये कळफलकाच्या मांडणीत मराठी इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी कागपा या दोन्ही मांडण्या आहेत; वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. लिबर ऑफिसमध्ये निबंध, गुणपत्रके, पत्रे उत्तम होतात. अडचण जुन्या फाइलींची आहे. युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेले अहवाल त्या फाँटाशिवाय अगम्य चिन्हांसारखे दिसतात. ही अडचण लिनक्सची नाही; तो फाँट नसलेल्या विंडोजवरही तेच दिसते. आपल्या संस्थेचे जुने इतिवृत्त, सभांचे अहवाल आजच युनिकोडमध्ये आणले नाहीत, तर पुढील पिढीला ते वाचता येणार नाहीत, ही चिंता येथे नोंदवून ठेवतो.

लिनक्स सर्वत्र चालेल असा माझा दावा नाही. हिशेबासाठी टॅली लागत असेल, छपाईच्या कामासाठी श्रीलिपी लागत असेल, संगणक टंकलेखनाच्या परीक्षेचा सराव करायचा असेल, तर विंडोजचे यंत्र हवेच. काही प्रिंटर लिनक्सला दाद देत नाहीत, घेण्यापूर्वी पाहावे. नोकरीच्या ठिकाणी बहुधा विंडोजच समोर येईल, हेही मुलांना प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. म्हणून शाळेत दोन्ही असाव्यात: परवान्याचे विंडोज असलेली काही नवी यंत्रे आणि मुक्त प्रणालीवरील जुनी. ज्याला दोन भाषा येतात तो दोन्हींचे व्याकरण अधिक चांगले जाणतो. प्रणालींचेही तसेच आहे.

खरा अडथळा यंत्रात नसून आपल्या मनात आहे. 'हात लावू नका, बिघडेल' हे वाक्य संगणक कक्षांतून सर्वाधिक उच्चारले जात असावे. महागड्या वस्तूला जपण्याची गरिबाची सवय मी समजू शकतो, तिच्यामागे पोटाला काढलेला चिमटा असतो. पण झाकून ठेवलेल्या यंत्रातून मूल केवळ भीती शिकते. ज्या लॅपटॉपला बाजाराने शून्य किंमत दिली, त्याच्यावर मुलांना निर्धास्तपणे प्रयोग करता येतो. दहा वेळा प्रणाली पुसून दहा वेळा बसवली तरी कोणाचे काही जात नाही. जुन्या यंत्राचा हा गुण नव्यात नाही. आणि हे काम मुलग्यांनी करायचे व मुलींनी पाहायचे, अशी वाटणी होऊ नये, यासाठी शिक्षकांनी पहिल्या दिवसापासून जागरूक राहिले पाहिजे.

काही अपेक्षा व्यक्त करून थांबतो. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला लॅपटॉप देताना तो भंगारवाल्याला देतो तसा देऊ नये. चार जीबी रॅम, चौसष्ट-बिट प्रोसेसर आणि चालू चार्जर एवढे तरी असावे. स्वतःची खासगी माहिती पूर्णपणे पुसलेली असावी आणि शक्य असल्यास सोबत एक एसएसडी द्यावी. त्याहून मोठे दान म्हणजे सुट्टीतील दोन दिवस. आपल्यातील कितीतरी जण आज पुण्या-मुंबईत, परदेशांत संगणक क्षेत्रात आहेत. त्यांनी मुलांच्या शेजारी बसावे, हात न लावता बसावे. पालकांनी घरातील जुना लॅपटॉप विकण्यापूर्वी एकदा मुलांसह पेन ड्राइव्हवरून नवी प्रणाली चालवून पाहावी. संस्थेने प्रत्येक यंत्राची एक नोंदवही ठेवावी. कोणती प्रणाली, केव्हा बसवली, कोणत्या विद्यार्थ्यांनी बसवली, काय अडले आणि ते कसे सुटले, हे त्यात मुलांच्याच अक्षरांत लिहिलेले असावे. बसवणाऱ्या मुली दहावीनंतर निघून जातील, पण त्यांची नोंद पुढच्या तुकडीच्या हाती राहील. आणि एखाद्या यंत्राचे आयुष्य खरोखर संपले, तर तेही या वहीच्या आधारे आपणच ठरवू आणि ते यंत्र अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच पाठवू.